दागिन्यांची दंतकथा आणि प्रेक्षकाचा प्रश्न

१

मराठी चित्रपटाविषयीच्या आपल्या लेखनात एक कथानक इतक्या वेळा आणि इतक्या एकसारख्या रीतीने सांगितले गेले आहे की त्याला स्वतंत्र वाङ्मयप्रकाराचा दर्जा द्यायला हरकत नसावी. एका दिग्दर्शकाला एका कथेने झपाटलेले असते. पैसेवाले त्याला दारातूनच परत पाठवतात. मग घरातले काहीतरी विकले जाते किंवा गहाण पडते. चित्रपट पूर्ण होतो, दूरच्या एखाद्या महोत्सवात त्याचा गौरव होतो, आणि जिल्ह्याच्या गावी तो लागलाच तर आठवड्याच्या आत उतरतो. समीक्षक हळहळतो आणि प्रेक्षकांच्या अभिरुचीला दोष देऊन लेख संपवतो.

या कथानकाची परंपरा मोठी आहे. दादासाहेब फाळके यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंचे दागिने कामी आले आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. त्या घटनेवर २००९ मध्ये ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा चित्रपट करणाऱ्या परेश मोकाशी यांना स्वतःचे घर गहाण ठेवावे लागले. भाऊराव कऱ्हाडे यांनी शेतजमीन विकून ‘ख्वाडा’ केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि २०१५ मध्ये तो प्रदर्शित झाला. शंभर वर्षांत तंत्र बदलले, फिल्मची पट्टी गेली आणि तिच्या जागी संगणकीय प्रत आली, परंतु भांडवल उभे करण्याची रीत मात्र बदललेली नाही.

या व्यक्तींच्या धैर्याविषयी प्रस्तुत लेखकाला आदर आहे. आक्षेप आहे तो त्या धैर्यापाशी थांबणाऱ्या समीक्षेला. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्दिय यांनी कलेच्या क्षेत्राचे वर्णन उलटे झालेले अर्थविश्व असे केले आहे. तेथे आर्थिक तोटा हाच प्रतिष्ठेचा पुरावा मानला जातो. आपली चित्रपटसमीक्षा या उलट्या विश्वाचे विश्लेषण करण्याऐवजी त्याची पुरोहित बनली आहे. गहाणखत हे तिच्या दृष्टीने कलाकृतीच्या सच्चेपणाचे प्रमाणपत्र असते. ज्या व्यवस्थेत कलाकृतीसाठी घर गहाण पडते त्या व्यवस्थेचे वाभाडे काढण्याऐवजी ती गहाण ठेवणाऱ्याची आरती ओवाळते, आणि त्यामुळे व्यवस्था निर्धास्त राहते.

या दंतकथेत आणखी एक गोष्ट झाकली जाते. सरस्वतीबाई फाळके यांनी फिल्मच्या पट्टीला छिद्रे पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची तांत्रिक कामे केली, शिवाय चित्रपटाच्या सबंध पथकाला जेवू घातले. त्यांच्या श्रमाचा उल्लेख एका वाक्यात उरकला जातो आणि दागिने मात्र पिढ्यान्‌पिढ्या लखलखत राहतात. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल पुरवले. ही रक्कम गुंतवणूक होती, पण आपण तिची नोंद औदार्य म्हणून करतो. श्रम आणि भांडवल या दोन्ही अर्थशास्त्रीय वस्तू त्याग या एकाच नैतिक संज्ञेत विरघळवल्या की हिशेब विचारण्याची गरजच उरत नाही. याच पेंटरांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ हा कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याचा चित्रपट केला, हे आपण अभिमानाने सांगतो. चित्रपट करणारा स्वतः कोणत्या पाशात असतो, हे मात्र विचारीत नाही.

२

त्यागाच्या या कथेला पूरक असे दुसरे विधान म्हणजे ‘चांगल्या चित्रपटाला आपल्याकडे प्रेक्षक नाही’. ही दोन्ही विधाने एकमेकांच्या आधाराने उभी आहेत. निर्माता हुतात्मा ठरला की प्रेक्षक आपोआप अपराधी ठरतो. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की प्रेक्षक ही आधीपासून अस्तित्वात असलेली आणि शोधून काढायची वस्तू नव्हे. ती एक सामाजिक रचना आहे आणि ती उभी करावी लागते. स्वतंत्र चित्रपटाचे, म्हणजे मोठ्या स्टुडिओचे वा वाहिनीचे पाठबळ नसलेल्या आणि वितरणाची स्वतःची यंत्रणा नसलेल्या चित्रपटाचे, मरण निर्मितीच्या खर्चात नसून या रचनेच्या अभावात आहे.

हे समजून घेण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. सांगलीचाच इतिहास पाहावा. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केले ते सांगलीचे अधिपती चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने. १८५१ मध्ये चिंतामणरावांचे निधन झाले आणि तो आश्रय संपला. भाव्यांसमोर तेव्हा जो प्रश्न उभा राहिला तो आजच्या स्वतंत्र दिग्दर्शकाचाच प्रश्न आहे: आश्रयदाता गेल्यावर कलावंताने कोणाकडे पाहायचे? त्यांनी मंडळी घेऊन दौरे काढले आणि १८५३ मध्ये मुंबईत ग्रँट रोडवरील नाट्यगृहात तिकीट लावून प्रयोग केले. नाटक पाहायला पैसे देऊन येणारा मराठी माणूस तोवर तयार स्थितीत कोठेही बसलेला नव्हता. दौऱ्यांनी आणि तिकिटाने तो घडवला. पुढची पाऊणशे-ऐंशी वर्षे मराठी नाटक मंडळ्या जगल्या त्या याच रीतीवर. मंडळी आपला प्रेक्षक आपल्याबरोबर बांधीत गेली. कोणत्या गावात कोणते नाटक चालेल, मुक्काम किती दिवसांचा करावा, तिकिटाचा दर कोठे उतरवावा, हे ज्ञान मंडळीच्या मालकीचे होते.

याच सांगलीत १९३० नंतरच्या दशकात मास्टर दीनानाथांच्या बलवंत संगीत मंडळीने बोलपटाच्या धंद्यात उडी घेतली. १९३४ मध्ये ‘कृष्णार्जुन युद्ध’ निघाला. चिंतामणराव कोल्हटकर आणि विश्राम बेडेकर यांनी तो दिग्दर्शित केला. चित्रपट धंद्यात अपयशी ठरला आणि मंडळी त्यातून सावरली नाही. या अपयशाची कारणे दीनानाथांच्या स्वभावात वा दैवात शोधण्याची आपल्याकडे प्रथा आहे. परंतु रचनेच्या दृष्टीने पाहिले तर येथे एक मूलभूत बदल घडलेला दिसतो. नाटक मंडळी आणि तिचा प्रेक्षक यांच्यामध्ये कोणी नव्हते. चित्रपट आणि प्रेक्षक यांच्यामध्ये वितरक आणि चित्रगृहाचा मालक उभे राहिले. ज्या मंडळीला गावोगावचा प्रेक्षक तोंडपाठ होता तिला त्याच्यापर्यंत जाणारा रस्ता आता दुसऱ्याकडून भाड्याने घ्यावा लागला. उलट, १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेलेली प्रभात फिल्म कंपनी टिकली, तिच्या यशात कलेइतकाच वाटा वितरणाच्या पक्क्या व्यवस्थेचा आणि १९३४ पासून पुण्यात हाताशी असलेल्या ‘प्रभात’ चित्रगृहाचा होता. प्रभातच्या कलामूल्यांवर आपण ग्रंथ लिहिले. तिच्या वितरणव्यवस्थेला मात्र आपण तळटीपेइतकीही जागा दिली नाही.

३

आता हा रस्ता कसा आहे ते पाहू. समीक्षेच्या नियतकालिकात आकडेमोड करणे औचित्याला सोडून आहे असे काहींना वाटेल; परंतु औचित्याच्या याच कल्पनेने आपल्याला आंधळे ठेवले आहे.

२००९ साली हिंदी चित्रपटांचे निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्सचालक यांच्यात दीर्घ संघर्ष झाला. त्यानंतर उत्पन्नाच्या वाटणीचे जे सूत्र ठरले त्यात वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात ५० टक्के, दुसऱ्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५ आणि पुढे ३० टक्के असा उतरत जातो. समजा, तिकिटाचा मूळ दर १५० रुपये आहे. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून प्रेक्षक १७७ रुपये मोजतो. या सूत्राने पहिल्या आठवड्यात वितरकाच्या बाजूला ७५ रुपये येतात, चौथ्या आठवड्यात ४५. त्यातून वितरकाची दलाली, जाहिरात आणि दर पडद्यामागे आकारले जाणारे डिजिटल प्रक्षेपणाचे शुल्क वजा झाल्यावर जे उरेल ते निर्मात्याचे.

या उतरत्या श्रेणीचा अर्थ केवळ आर्थिक नाही. ज्या चित्रपटाची जाहिरात प्रचंड आहे तो आपले उत्पन्न पहिल्या तीन दिवसांत गोळा करतो, म्हणजे सर्वाधिक वाट्याच्या काळात. जो चित्रपट एकाने पाहून दुसऱ्याला सांगायचा असतो, त्याचा प्रेक्षक तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जमू लागतो, आणि तोवर वाटा घटलेला असतो; बहुधा तोवर खेळच उतरलेला असतो. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या एकाच चित्रगृहात १३१ आठवडे चालला. तेव्हाच्या लोकांची अभिरुची थोर होती म्हणून तो चालला, असे म्हणून भागणार नाही. चित्रपटाला कर्णोपकर्णी पसरण्यासाठी लागणारा वेळ त्या व्यवस्थेत उपलब्ध होता. आजच्या व्यवस्थेत तो वेळ दंडपात्र आहे.

वेळेचा प्रश्न दुसऱ्या अर्थानेही महत्त्वाचा आहे. एप्रिल २०१५ मध्ये राज्य शासनाने मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला संध्याकाळची वेळ देण्याची सक्ती जाहीर केली. त्यावर मोठा गदारोळ झाला आणि नंतर ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल करण्यात आली. या वादात दोन्ही बाजूंनी अस्मितेवर भरपूर बोलले गेले. प्रेक्षकाच्या दिनक्रमाविषयी कोणी बोलले नाही. १९९८ पासून सांगली आणि मिरजेबरोबर एकाच महापालिकेत असलेल्या कुपवाडचे उदाहरण घ्या. तेथील औद्योगिक वसाहतीत पाळीने काम करणारा, जत, आटपाडी वा कवठेमहांकाळकडून आलेला माणूस दुपारी बारा वाजताच्या खेळाला कसा जाणार? सुटीच्या दिवशी संध्याकाळी कुटुंबातल्या चौघांना घेऊन निघाला तर वरच्या दराने त्याला ७०८ रुपये मोजावे लागतील. तो आला नाही की आपण नोंद करतो: अभिरुचीचा अभाव. माणदेशावरच्या ‘बनगरवाडी’चा चित्रपट १९९५ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ आणि दूरदर्शन यांच्या पैशातून झाला, म्हणजे सार्वजनिक पैशातून. त्या माणदेशातून पोटासाठी कुपवाडला आलेल्या माणसापर्यंत तो पोहोचवण्याची जबाबदारी कोणाची, हे त्या व्यवहाराच्या कोणत्याही कागदावर ठरलेले नव्हते.

यावर हल्ली एक उत्तर तयार असते: आता घरबसल्या भ्रमणध्वनीवर सर्व काही दिसते, तेव्हा चित्रगृहाचा प्रश्नच मिटला. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ २०२० मध्ये व्हेनिसला गौरवला गेला आणि २०२१ मध्ये तो थेट नेटफ्लिक्सवर आला. भारतातल्या चित्रगृहांत त्याचे रीतसर प्रदर्शन झाले नाही. चित्रपट उपलब्ध असणे आणि त्याला प्रेक्षक असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ग्रंथालयशास्त्राचा विद्यार्थीही सांगेल. एकेकट्याने हातातल्या पडद्यावर पाहिलेल्या चित्रपटाविषयी दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या फाटकावर वा महाविद्यालयाच्या कट्ट्यावर भांडण होत नाही, कारण तो इतर कोणी त्याच दिवशी पाहिलेला नसतो. समीक्षेला ज्याची गरज आहे तो प्रेक्षक या भांडणातून घडतो.

४

मराठीच्या अभ्यासकाला हे सारे नवे वाटायचे कारण नाही, कारण ग्रंथव्यवहारात आपण हा प्रश्न ओळखला होता आणि काही अंशी सोडवलाही होता. ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’, ‘येरू’ यांसारखी लघुनियतकालिके पैशाअभावी बंद पडली, तरी प्रस्थापित मासिकांच्या दारात न थांबता वाचकाकडे जाता येते हे त्यांनी दाखवले. १९७४ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रंथाली’ने स्वतःला प्रकाशनसंस्था न म्हणवता वाचक चळवळ म्हणवले. सभासद आधी, पुस्तक नंतर. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आणि सातारा जिल्ह्यातून आलेल्या लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये या मार्गाने आले. या पुस्तकांना तयार वाचकवर्ग होता असे कोणी म्हणेल काय? तो त्या पुस्तकांबरोबर आणि त्या चळवळीमुळे घडला.

राज्याने १९६७ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. अ, ब, क, ड अशा वर्गवारीने गावोगावच्या ग्रंथालयांना अनुदान सुरू झाले. ते तुटपुंजे आहे, उशिरा मिळते, ही तक्रार खरी आहे. तरीही या कायद्यामागचे तत्त्व विसरण्याजोगे नाही. पैसा वाचनाच्या जागेला दिला जातो. लेखकाला पुस्तक लिहिल्याबद्दल नव्हे. चित्रपटाच्या बाबतीत आपण नेमके उलटे केले. मराठी चित्रपटाला राज्य शासन अनेक वर्षे साहाय्य देत आले आहे, आधी करपरताव्याच्या आणि पुढे थेट अनुदानाच्या रूपाने. अनुदानात चित्रपट पूर्ण झाल्यावर त्याचे परीक्षण होते, दर्जा ठरतो आणि रक्कम निर्मात्याला मिळते. त्या चित्रपटाला पाहण्याची जागा मिळाली की नाही, हा प्रश्न त्या योजनेच्या केंद्रस्थानी कधीच आला नाही.

करव्यवस्थेनेही हाच भेद पक्का केला. छापील पुस्तकावर वस्तू व सेवा कर नाही. १ जुलै २०१७ पूर्वी मराठी चित्रपटाला राज्याच्या करमणूक करातून सूट होती. नव्या करात ती गेली आणि दोनशे-तीनशे कोटींच्या चित्रपटाचा व काही लाखांच्या चित्रपटाचा प्रेक्षक एकाच दराने कर भरू लागला. सप्टेंबर २०२५ पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील कर ५ टक्क्यांवर आला आहे, ही चांगली गोष्ट आहे. त्याहून महाग तिकिटावर तो १८ टक्के आहे आणि त्यातला एकही पैसा तिकीट काढणाऱ्याने पाहिलेल्या प्रकारच्या चित्रपटाकडे ठरवून परत जात नाही. फ्रान्समध्ये १९४८ पासून चित्रपटाच्या तिकिटावर आकार बसवला जातो, त्याचा दर १०.७२ टक्के आहे, आणि ती रक्कम चित्रपटासाठीच्या राष्ट्रीय संस्थेमार्फत पुन्हा चित्रनिर्मितीकडे व छोट्या चित्रगृहांकडे वळवली जाते. प्रत्येक प्रेक्षक आपण पाहिलेल्या चित्रपटाबरोबर पुढच्या चित्रपटाचाही अंशतः धनको होतो. आपल्याकडे तो केवळ करदाता राहतो.

५

पश्चिम महाराष्ट्राने, आणि त्यातही सांगलीने, सहकाराची भाषा देशाला शिकवली असे आपण म्हणतो. १९७६ मध्ये श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’साठी गुजरातच्या सहकारी दूध संघाच्या पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले. चित्रपट लागल्यावर हेच शेतकरी ट्रक भरून आपला चित्रपट पाहायला गेले. वर्गणीने भांडवल उभे राहिले हे या घटनेचे अर्धेच महत्त्व आहे. त्याच वर्गणीने प्रेक्षकही उभा राहिला, हे उरलेले अर्धे आपण सांगत नाही. त्याच १९७६ मध्ये ‘युक्त’ या सहकारी संस्थेने ‘घाशीराम कोतवाल’ हा मराठी चित्रपट केला. तो धाडसी प्रयोग होता. परंतु सहकार तेथे कलावंतांचा होता, प्रेक्षक त्याचे सभासद नव्हते. केरळात जॉन अब्राहम आणि त्यांच्या ‘ओडेसा’ गटाने गावोगाव चित्रपट दाखवून, लोकांकडून पैसे जमवून १९८६ मध्ये ‘अम्मा अरियान’ केला. आणि आपण? चित्रकलेचे शिक्षक असलेल्या रामदास फुटाणे यांनी १९७४ मध्ये ‘सामना’ची निर्मिती केली, त्याचा विषय सहकारी साखरसम्राट होता. सहकार मराठी चित्रपटाचा विषय झाला, मात्र तो त्याचा निर्माता किंवा प्रेक्षक कधीच झाला नाही. ज्या जिल्ह्यात उसाच्या बिलातून नाना कारणांसाठी कपात होत आली, तेथे दोन रुपये कपात करून चित्रपट करावा, असे कोणाला सुचले नाही. आणि ते सुचवण्याचे काम ज्यांचे होते ते आम्ही अभिरुचीवर परिसंवाद भरवत होतो.

येथे एक आक्षेप संभवतो. लोकवर्गणी हा अपवादाचा मार्ग आहे, त्यावर व्यवस्था उभी राहत नाही. आक्षेप रास्त आहे. २००४ मध्ये ‘श्वास’ ऑस्करसाठी गेला तेव्हा महाराष्ट्राने उत्साहाने निधी जमवला. त्याच चित्रपटाचे दिग्दर्शक संदीप सावंत यांचा पुढचा चित्रपट ‘नदी वाहते’ प्रदर्शित झाला तो २०१७ मध्ये, तेरा वर्षांनी. उत्सवासाठी जमलेली वर्गणी उत्सवाबरोबर संपते, याचा यापेक्षा स्पष्ट दाखला नको. म्हणूनच प्रस्तुत लेखकाची मागणी नव्या निधीची नाही. ती जागेची आणि नियमाची आहे.

सांगलीत विष्णुदास भाव्यांच्या आणि मिरजेत बालगंधर्वांच्या नावाचे नाट्यगृह आहे. अशी नाट्यगृहे महाराष्ट्राच्या बहुतेक शहरांत सार्वजनिक पैशातून उभी आहेत. त्यांतल्या एकेका नाट्यगृहात चांगले प्रक्षेपणयंत्र बसवून महिन्यातले चार दिवस, कामगारांच्या सुटीचा दिवस धरून, शंभर रुपयांच्या आतल्या तिकिटात स्वतंत्र चित्रपट दाखवता येतील. ग्रंथालयांच्या धर्तीवर अशा केंद्रांना वर्गवारीने अनुदान देता येईल आणि चित्रपट अनुदानाचा एक निश्चित हिस्सा तिकडे वळवता येईल. शासनाच्या पैशाबरोबर शासनाची लुडबूड येईल, ही भीती अनाठायी नाही. परंतु गावच्या ग्रंथालयात कोणते पुस्तक घ्यावे हे जसे गावची समिती ठरवते तसे येथेही ठरवता येईल. मुंबईत १९६८ पासून ‘प्रभात चित्र मंडळा’ने सभासदांच्या वर्गणीवर हेच केले. महानगरात जे मंडळ करू शकते ते जिल्ह्यात महापालिका का करू शकत नाही, याचे उत्तर महापालिकेने द्यावे.

राहता राहिलो आपण. विद्यापीठांच्या मराठी विभागांत ‘साहित्य आणि चित्रपट’ हा विषय आता रुळला आहे. माध्यमांतरावर प्रबंध होतात. वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांनी तो चित्रपट पडद्यावर पाहिला आहे असे विचारले तर हात वर होत नाहीत. परीक्षेत मात्र सर्वजण त्याच्या आशयसूत्रावर लिहितात. न वाचलेल्या कादंबरीवर लेख लिहिणाऱ्याला आपण अप्रामाणिक म्हणतो. ज्या जिल्ह्यात जो चित्रपट कोणालाच पाहता आला नाही त्या जिल्ह्यातल्या प्रेक्षकाच्या अभिरुचीवर निकाल देणाऱ्याला काय म्हणावे? चित्रपटावर लिहिणाऱ्या प्रत्येकाने यापुढे आपल्या लेखात तीन गोष्टी नोंदवाव्यात: तो किती पडद्यांवर लागला, किती दिवस टिकला आणि कोणत्या वेळेला दाखवला गेला. या नोंदी समीक्षेच्या बाहेरच्या आहेत असे ज्यांना वाटते त्यांनी आस्वाद ही क्रिया पोकळीत घडते हे सिद्ध करून दाखवावे.

‘साबर बोंडं’ या रोहन कानवडे यांच्या चित्रपटाला २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवात सर्वोच्च पुरस्कारांपैकी एक मिळाला आणि त्याच वर्षी तो भारतात प्रदर्शित झाला. त्याच्या निमित्ताने पुन्हा कोणीतरी विचारले, मराठी प्रेक्षक कोठे आहे? तो पाळीवर आहे, ऊसतोडीवर आहे, वसतिगृहात आहे, स्वयंपाकघरात आहे. त्याचा पत्ता आपल्याला ठाऊक आहे. त्याला आमंत्रण गेलेले नाही.